‘ग्रामर सोडा, इंग्रजी आपोआप येईल’ हे खरं नाही

शिक्षकांच्या, पालकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गटांमधून गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सार तेच राहतं. मूल मातृभाषा व्याकरणाविना शिकतं, तेव्हा इंग्रजीही तशीच शिकावी. व्याकरण शिकवून उपयोग होत नाही, हे संशोधनाने सिद्ध झालं आहे. कॉलेजात येईपर्यंत भाषा शिकायचं वय निघून गेलेलं असतं. अर्थ पोचला की पुरे, उरलेल्या चुका आता संगणक काढतो. आणि शाळेत जे व्हायला हवं होतं ते पदवीच्या वर्गात शिकवणं हा मुलांचा अपमान आहे.

मी बरीच वर्षं पदवीच्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते. हा मजकूर मला माझ्याच विद्यार्थ्यांनी पाठवला, ‘मग आपण हे कशाला करतोय?’ असं विचारत. त्यांना वर्गात जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. यातली काही विधानं अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच ती पटतात.

मूल व्याकरणाचं पुस्तक न उघडता बोलायला लागतं, हे अगदी खरं. पण ते ऐकतं किती? जागेपणीचे रोज दहा तास धरले तरी चार वर्षांत १४,६०० तास होतात. कॉलेजात आठवड्याला चार तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले तर १२० तास मिळतात. या वेगाने त्या चार वर्षांच्या मुलाची बरोबरी करायला सव्वाशेच्या आसपास वर्षं लागतील. शिवाय मूल कोऱ्या पाटीने येतं. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात एक संपूर्ण भाषा आधीच मुरलेली असते आणि नव्या भाषेचं वाक्य तो जुळवायला गेला की ती आपले नियम पुढे करते.

वह्या तपासताना हे रोज दिसतं. ‘ऑलदो ही वॉज इल, बट ही केम’ हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं असेल. मराठीत ‘जरी’ आलं की मागोमाग ‘तरी’ येतंच. इंग्रजीत ‘ऑलदो’ आणि ‘बट’ यांपैकी एकच हवं. विद्यार्थ्याने हलगर्जीपणा केलेला नाही, त्याने मराठीचा नियम प्रामाणिकपणे पाळला आहे.

किंवा ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’. मराठीत ‘तो कुठे आहे?’ हा प्रश्न सुटा विचारला काय किंवा ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ असा मोठ्या वाक्यात बसवला काय, शब्दांचा क्रम हलत नाही. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचं प्रश्नपण जातं आणि क्रम सरळ होतो: ‘व्हेअर ही इज’. आणखी एक: ‘आय हॅड गॉन टू द लायब्ररी येस्टर्डे’. ‘काल मी ग्रंथालयात गेलो होतो’ हे मराठीत किती सहज वाक्य आहे. इंग्रजीत मात्र ‘हॅड गॉन’ म्हटलं की वाचणारा दुसऱ्या एखाद्या घटनेची वाट पाहू लागतो. हा गेला होता, त्यानंतर काय घडलं? ती घटना येतच नाही. तिथे साधं ‘वेन्ट’ हवं होतं.

कर्त्याचंही तसंच. आपण ‘काल आलो’, ‘थकलीस का?’ असं बोलतो, कारण क्रियापदाच्या रूपातच कर्ता कळतो. ‘उकडतंय’ म्हणताना तर कर्ता नसतोच. इंग्रजी क्रियापदात एवढी माहिती मावत नाही, म्हणून विधानवाक्यात कर्त्याची जागा रिकामी ठेवून चालत नाही. कुणीच नसेल तर ‘इट’ला तिथे बसवावं लागतं. ‘इज व्हेरी हॉट टुडे’ असं लिहिणाऱ्या मुलीला हे पाच मिनिटांत कळतं. नुसतं ऐकून कळायला किती दिवस लागले असते, आणि मुळात कळलं असतं का? ऐकताना आपण अर्थ पकडतो आणि पुढे जातो. ‘इट’ कानावरून निघून जातो.

‘भरपूर ऐका, वाचा, भाषा आपोआप येईल’ या म्हणण्यामागे अमेरिकी भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांचा १९८०च्या दशकात गाजलेला सिद्धान्त आहे: समजेल अशा पातळीचं ऐकायला-वाचायला मिळालं की भाषा आत्मसात होते. त्यातला वाचनाचा आग्रह मलाही मनापासून मान्य आहे. पण एवढ्यावर भागतं का, हे पाहायला एक मोठा दाखला आहे. कॅनडात १९६५ साली क्वेबेकमधल्या सेंट लॅम्बर्ट इथे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना सुरुवातीचं सगळं शिक्षण फ्रेंचमधून देण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे देशभर पसरला. वर्षानुवर्षं फ्रेंचमध्ये गणित, इतिहास शिकलेल्या या मुलांची समज जवळजवळ फ्रेंच मुलांच्या तोडीची झाली, पण त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या ठळक चुका टिकून राहिल्या. कॅनडातल्या भाषासंशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये यावरूनच मांडलं, की नुसतं समजणं पुरत नाही. स्वतः वाक्य घडवायला लागलं की आपल्याला काय येत नाही ते दिसतं. आणि ही मुलं शाळेचा बराच वेळ त्या भाषेत होती, आठवड्याचे चार तास नव्हे.

आता ‘संशोधनाने सिद्ध झालं आहे’ याकडे वळते. मजकुरातला हा सर्वांत वजनदार वाटणारा भाग आहे आणि यातच सर्वांत जास्त गाळलेलं आहे.

१९६३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ब्रॅडॉक आणि सहकाऱ्यांनी लेखन-शिक्षणावरच्या संशोधनाचा आढावा घेतला. औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन सुधारण्यावर नगण्य परिणाम होतो, कधी तर ते घातक ठरतं, असा त्याचा निष्कर्ष होता. फिरणाऱ्या मजकुरात येतं ते एवढंच. ते घातक का, याचं कारण त्याच वाक्यात दिलेलं होतं: कारण व्याकरणाचे तास प्रत्यक्ष लिहिण्याच्या सरावाची जागा खातात. म्हणजे आक्षेप लेखनापासून तोडलेल्या व्याकरणावर होता. नामाचे प्रकार पाठ करा, रिकाम्या जागा भरा, वहीत एकही स्वतःचं वाक्य लिहू नका, अशा शिकवण्यावर. त्यावर माझाही आक्षेप आहे, आणि आपल्यापैकी अनेकांना इंग्रजीची धास्ती त्यातूनच बसली.

स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनाविषयीच्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात सुट्या व्याकरणपाठांचा परिणाम उणे ०.३२ निघाला, म्हणजे ती मुलं लेखनात इतरांपेक्षा मागे पडली. ‘व्याकरण नको’ म्हणणारे हा आकडा दाखवतात. त्याच अहवालात वाक्यजोडणीचा परिणाम अधिक ०.५० आहे. छोटी वाक्यं एकत्र करून नेमकं मोठं वाक्य घडवणं म्हणजे व्याकरणच की. कर्ता कुठे, मुख्य वाक्य कोणतं, जोडणारा शब्द कोणता, हे ठरवल्याशिवाय ती जोडणी होऊच शकत नाही.

वर्गात मी फळ्यावर तीन वाक्यं लिहिते. ‘द बॉय वॉज टायर्ड.’ ‘ही हॅड ऍन एक्झाम.’ ‘ही केप्ट रीडिंग.’ यांचं एक वाक्य करा. कुणी लिहितं, ‘दो ही वॉज टायर्ड, द बॉय केप्ट रीडिंग बिकॉज ही हॅड ऍन एक्झाम.’ कुणी लिहितं, ‘द बॉय, हू हॅड ऍन एक्झाम, वॉज टायर्ड बट केप्ट रीडिंग.’ दोन्ही बरोबर. मग वर्ग भांडतो: पहिल्यात परीक्षा हे वाचत राहण्याचं कारण आहे, दुसऱ्यात ती मुलाविषयीची जाता जाता दिलेली माहिती आहे. तुम्हाला काय म्हणायचं होतं? ज्या तासाला हे भांडण होतं त्या तासाला गौण वाक्याची व्याख्या सांगावी लागत नाही.

आणि २००७ चं विश्लेषण शाळकरी वयाच्या लेखनाचं होतं. १९६३ च्या आढाव्यातली मुलं तर मुख्यतः इंग्रजीतच वाढलेली होती. त्यांना वाक्य घडवता येतच होतं, फक्त त्याची नावं शिकवली जात होती. दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी वेगळं पाहावं लागतं. जॉन नॉरिस आणि लूर्डेस ऑर्टेगा यांनी २००० मध्ये अशा ४९ अभ्यासांचं विश्लेषण केलं, तेव्हा नियमाकडे उघडपणे लक्ष वेधणारं शिकवणं लक्ष न वेधणाऱ्या शिकवण्यापेक्षा सरस ठरलं. त्यातल्या बऱ्याच चाचण्या नियम जाणणाऱ्याला सोप्या जातील अशा होत्या, हे मान्य करायला हवं. तरीही ‘उपयोग शून्य’ असं त्यातून कुणालाही काढता येणार नाही.

वयाच्या मुद्द्यावर फार थांबत नाही. जोशुआ हार्ट्शोर्न आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा, पावणेसात लाखांच्या आसपास लोकांवरचा अभ्यास इथे पुढे केला जातो: व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सुमारे १७.४ व्या वर्षानंतर घसरते. पण तो अभ्यास जन्मभाषकासारखी पकड कुणाला येते याचा होता. नीट अर्ज लिहिता येण्यासाठी जन्मभाषक व्हावं लागत नाही. उलट १९७८ मध्ये कॅथरीन स्नो आणि मारियन हूफनागेल-होले यांनी नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांना पाहिलं, तर सुरुवातीच्या महिन्यांत किशोर आणि प्रौढ लहान मुलांपेक्षा वेगाने शिकत होते. मोठ्या माणसाला तुलना करता येते, कारण विचारता येतं. सहा वर्षांच्या मुलाला ‘जरी-तरी’चा दाखला देऊन काय उपयोग?

‘अर्थ पोचला की पुरे’ हे बोलण्याच्या बाबतीत मी बऱ्याच अंशी मान्य करते. मूल बोलायचं धाडस करत असताना ‘द’ राहिला म्हणून त्याला थांबवू नये. ‘डिस्कस अबाउट’ने कुणाचं काही बिघडत नाही. पण लिहिताना समोर माणूस नसतो, त्याला ‘म्हणजे काय?’ असं विचारता येत नाही. अर्जात ‘आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स’ लिहिलं की वाचणारा समजतो, तिथली नोकरी सुटली. अजून तिथेच काम करणाऱ्याने ‘आय हॅव वर्क्ड’ लिहायला हवं होतं. इथे टेन्स चुकला म्हणून अर्थच चुकीचा पोचला. म्हणून मी चुकांची प्रतवारी करते. वाक्य कुठे संपतं, काळ कोणता, सर्वनाम कुणासाठी आलंय, हे आधी. आर्टिकल आणि प्रिपोझिशन खूप नंतर.

संगणक चुका काढतो, हेही खरं, आणि घाईच्या पत्राला त्याची मदत घ्यावी. पण ‘आय स्टॉप्ड टॉकिंग’ आणि ‘आय स्टॉप्ड टू टॉक’ ही दोन्ही वाक्यं निर्दोष आहेत. एकात मी बोलणं थांबवलं, दुसऱ्यात बोलण्यासाठी थांबले. यंत्र कशाखाली लाल रेघ मारणार? ‘द मॅनेजर टोल्ड द क्लार्क दॅट ही हॅड मेड अ मिस्टेक’ यात चूक कुणाची झाली, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. यंत्राने सुचवलेल्या दोन पर्यायांपैकी आपला कोणता हे निवडायलाही वाक्य वाचता यावं लागतं. ज्याला ते येत नाही तो पहिला पर्याय स्वीकारतो आणि स्वतःच्या नावाने दुसऱ्याच अर्थाचं पत्र पाठवतो.

राहिला अपमानाचा मुद्दा. तो मला सर्वांत जास्त लागतो, कारण काही मुलं या शरमेपायी प्रश्नच विचारत नाहीत. १९७० मध्ये सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने शहरातल्या शाळांमधून शालान्त शिक्षण पूर्ण केलेल्या सर्वांना प्रवेश खुला केला, तेव्हा वाक्यही नीट न लिहिता येणारे हजारो विद्यार्थी वर्गांत आले. हे कॉलेजचं कामच नाही, असं तेव्हाही म्हटलं गेलं. तिथल्या प्राध्यापिका मिना शॉनेसी यांनी विद्यार्थ्यांचे सुमारे ४,००० निबंध बारकाईने वाचले आणि १९७७ मध्ये दाखवून दिलं, की या चुका अंदाधुंद नाहीत. प्रत्येकीमागे काही तर्क आहे आणि तो शिक्षकाने शोधायचा आहे. मुलं मंद नाहीत, लिहिण्यात नवखी आहेत.

मी वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाकडून एक पान लिहून घेते, त्यावर लाल शाई वापरत नाही, फक्त कोणती चूक कितीदा आली ते मोजते. अभ्यासक्रमातला क्रम बाजूला ठेवून त्या यादीप्रमाणे शिकवते. प्रत्येक तासाची पहिली पंधरा मिनिटं, त्यांच्याच वहीतलं नाव न घेता उचललेलं एक वाक्य, शेजारी त्याचं मराठी. यंदाच्या पानांवर सर्वांत वर ‘आय डोन्ट नो व्हेअर इज ही’ आहे, तेव्हा सोमवारी तिथून सुरुवात करणार आहे.