मुदत पक्की, पण कारभाराचं काय? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप असा, की १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकार एका मताने पडलं (२६९ विरुद्ध २७०) आणि मध्यावधी निवडणूक झाली. अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत, जिथे सरकारचा प्रमुख ठरावीक मुदतीसाठी निवडला जातो, हे घडलंच नसतं; शिवाय तिथे संसदेबाहेरच्या तज्ज्ञांना मंत्री करता येतं.

अध्यक्षाची मुदत पक्की असते, हे मान्य. पण मुदत पक्की म्हणजे कारभार सुरळीत, असं होत नाही. २२ डिसेंबर २०१८ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचा मोठा भाग ३५ दिवस बंद होता. ट्रम्प यांना सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते, काँग्रेस (तिथली संसद) देईना, आणि तिच्या मंजुरीशिवाय तिथे तिजोरी उघडत नाही. सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार थकले. हवाई वाहतूक नियंत्रक बिनपगारी काम करत होते. २५ जानेवारीला त्यांची संख्या कमी पडली, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही काळ रोखावी लागली आणि त्याच दिवशी तोडगा निघाला. अध्यक्ष आणि काँग्रेस दोघेही स्वतंत्रपणे जनतेचा कौल घेऊन आलेले. अध्यक्षाला काँग्रेस बरखास्त करता येत नाही, काँग्रेसला धोरण पटलं नाही म्हणून अध्यक्ष बदलता येत नाही. मग माघार कोणी घ्यायची? आपल्याकडे १९९९ मध्ये सरकार पडल्यावरही लोकसभेने वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केलं.

आपला तज्ज्ञ मंत्र्यांचा मुद्दाही टिकत नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम ७५(५) नुसार संसदेची सदस्य नसलेली व्यक्तीही सहा महिने मंत्री राहू शकते. १९९१ मध्ये मनमोहन सिंग आधी अर्थमंत्री झाले, राज्यसभेत नंतर आले.

अस्थिरतेवर खरा उपाय जर्मनीत आहे. तिथल्या मूलभूत कायद्याच्या (म्हणजे राज्यघटनेच्या) कलम ६७ प्रमाणे चान्सलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, हटवायचं तर त्याच ठरावात नवा चान्सलर बहुमताने निवडावा लागतो. १९४९ पासून हे एकदाच साधलं: १९८२ मध्ये श्मिट गेले, कोल आले. १९९९ च्या त्या २७० जणांना एका नावावर एकत्र येता आलं नाही. त्या ठरावाला ही अट असती तर सरकार पडलं नसतं. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात अशीच शिफारस केली होती.

एक फट मात्र बुजवावी लागेल. वाजपेयींचा तो ठराव अविश्वासाचा नव्हता. राष्ट्रपती नारायणन यांच्या सांगण्यावरून मांडलेला विश्वासदर्शक ठराव होता. त्यामुळे पर्यायी नावाची अट नुसती अविश्वास ठरावाला घालून भागणार नाही, राष्ट्रपती किंवा राज्यपाल बहुमत सिद्ध करायला सांगतात तिथेही ती लागू करावी लागेल.