एक इंच म्हणजे नेमका किती, हे एकदाचं ठरवा

१.४ मिलिमीटर. एवढ्याशा फटीवरून काल रात्री साडेअकराला, माशांच्या टाकीखालच्या कपाटात मुंडकं घालून, एका निर्जीव बल्कहेडला मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बल्कहेड, म्हणजे टाकीच्या काचेतल्या भोकात बसवून पाइप जोडायचा तुकडा, एक इंची. पाइप बत्तीस मिलिमीटरचा. "बत्तीस म्हणजेच एक इंची, काकू, एकच असतं ते," असं पाइप देणाऱ्या पोराने छातीठोकपणे सांगितलेलं. एकच असतं तर तो पाइप बल्कहेडमध्ये घातल्यावर घंटेच्या लोलकासारखा का हलत होता? इंची पाइप बाहेरून ३३.४ भरतो, मेट्रिकवाला ३२. झाली फट. आणि सॉल्व्हंट सिमेंट म्हणजे काही लांबी नव्हे, वाट्टेल तशी फट बुजवायला. ते प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतं, त्यासाठी ते तुकडे आधी एकमेकांना घट्ट भिडावे लागतात. माझे तुकडे एकमेकांचं तोंडही बघत नव्हते.

"थोडी टेप गुंडाळ की," असा आवाज सोफ्यावरून आला. मी उत्तर दिलं नाही. अडीचशे लिटर पाणी त्या जोडावर टांगायचं आणि म्हणे टेप गुंडाळ.

आता एक इंच म्हणजे काय ते बघा. पट्टीवर, २५.४ मिलिमीटर. शाळेत शिकलो, विषय संपला. आता एक इंची पाइप मोजा. बाहेरून ३३.४. बरं, आतून असेल इंच, म्हणून नेहमीच्या भिंतीचा, शेड्यूल ४० म्हणतात तो, आतून मोजला तर २६.६. जाड भिंतीचा शेड्यूल ८० घ्या, २४.३. म्हणजे त्या पाइपवर एक इंच कुठेही नाही! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. ज्या मापात ते मापच सापडत नाही, त्याला माप म्हणायचं धाडस पहिल्यांदा कोणी केलं, त्याला माझ्या टाकीखाली तासभर बसवा. गुडघे दुमडून. टॉर्च तोंडात धरून.

आणि आट्यांचं तर विचारूच नका. गेल्या महिन्यात युनियन (हवा तेव्हा खोलता येणारा जोड) बसवताना दोन आटे झकास फिरले, तिसऱ्याला जाम. मला वाटलं माझाच हात वाकडा. काढलं, पुसलं, टेप बदलली, पुन्हा जाम. एका तुकड्याला इंचात ११ आटे, दुसऱ्याला साडेअकरा. एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी अशी आट्यांची दोन घराणी आहेत म्हणे, आणि रोटीबेटी व्यवहार बंद. अर्ध्या आट्याचा फरक ठेवून कोणाचं काय भलं झालं? पूर्ण वेगळे केले असते तर निदान पहिल्याच फेरीला कळलं असतं. हे दोन फेऱ्या लाडीगोडी लावतात आणि मग दगा देतात.

पंपाच्या खोक्यावरचा आकडाही असलाच. ताशी ३,००० लिटर, हे कुठे? पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हा. अरे, रिटर्न पंप घेतलाय तो संपमधलं, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीतलं, पाणी वर माशांच्या टाकीत चढवायलाच ना? दीड मीटर उंची आणि चार एल्बो पार करून किती पोचतं, ते खोक्याच्या कुठल्या तरी बाजूला मुंगीच्या अक्षरात छापलेल्या आलेखात शोधा.

"एवढा खटाटोप कशाला, टाकीतून एक पाइप खाली संपमध्ये सोडायचा, झालं," असं सांगणारे तर दर लग्नात भेटतात. सोडला होता बाबांनो. एकच पाइप, एकच ड्रेन. रात्रभर कोणी हुक्का ओढतंय असा आवाज. म्हणून त्यावर व्हॉल्व्ह लावून आवळला. आवाज गेला, मी खूश. चौथ्या दिवशी एका गोगलगायीने आवळलेल्या वाटेत ठाण मांडलं, आणि पंप मात्र इमानेइतबारे वर पाणी ढकलत राहिला. रिटर्नच्या कप्प्यातलं वीस-बावीस लिटर फरशीवर, कप्पा कोरडा, पंप घरघरतोय. संप अक्षरशः संपावर गेला. (हा विनोद घरात अकरा वेळा झालाय. माझ्याकडून एकदाही नाही.)

म्हणूनच या वेळी तीन पाइपांचा ड्रेन, बीनअ‍ॅनिमल म्हणतात तो. पहिला पूर्ण भरून सायफन, त्यावर गेट व्हॉल्व्ह, कारण बॉल व्हॉल्व्हची मूठ केसभर हलली की पाण्याची पातळी बोटभर हलते. दुसऱ्यातून उरलंसुरलं झिरपणार. तिसरा कोरडा, आणीबाणीचा, त्यावर व्हॉल्व्ह लावीन तर नाव सांगणार नाही. सायफनचं टोक संपच्या पाण्यात जेमतेम दोन सेंटिमीटर, नाहीतर आतली हवा निघत नाही आणि सायफन धरतच नाही. काटकोनी एल्बो टाळून पंचेचाळीसचे दोन-दोन. वीज गेली तर किती पाणी खाली येईल तेही काढलं. १२० बाय ४५ ची टाकी, म्हणजे दर सेंटिमीटरला ५.४ लिटर, संपमध्ये तेवढी जागा मोकळी. तीन महिने वही भरली. खाली सगळं चिकटवून तयार. शेवटचा जोड तेवढा बाकी होता, बल्कहेडचा.

तर रात्री बाराला, त्या पोराचं कसं आणि किती चुकलं याचा पुरावा हवा म्हणून मी वही उघडली. पान सहा. माझं अक्षर. लाल पेन. "१ इंच = ३२ मिमी." खाली दोन रेघा. बाजूला कंसात "खात्री केली".

कोणाकडे केली? कधी केली? त्या पोराकडे जायच्या तीन आठवडे आधीची तारीख आहे.

वही मिटली. नवऱ्याला दाखवलेली नाही, दाखवणारही नाही.

बल्कहेड मेट्रिक घ्यावे तर त्यांना भोक वेगळ्या मापाचं लागतं, आणि काच तर पाडून झाली. पडलेलं भोक मोठं करायचं म्हणजे ड्रिलला मध्ये धरच नाही, सरळ काचेशी जुगार. म्हणजे पाइपच बदला. चिकटवलेले सगळे एल्बो कचऱ्यात. गेट व्हॉल्व्हही बत्तीसचाच, आणि सगळ्या सामानात महाग तोच. मासे टबात बसून माझ्याकडे बघतायत, तेही आता ओळखीच्या माणसासारखे नाही.

उद्या परत जायचंय. व्हर्नियर पर्समध्ये टाकलाय. प्रत्येक तुकडा मोजून घेणार, त्याच्यासमोर, सावकाश. आणि काकू म्हणाला तर रांगेतल्या सगळ्यांना आटेसुद्धा मोजून दाखवणार.