गटार म्हणून जाहीर झालेली नदी

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून दोनदा तरी सिंधुदुर्गातल्या खाणींवरून भांडण पेटतं. या वेळी काडी टाकली धाकट्या चुलतभावाने. न्यूझीलंडमधल्या वाइही गावाचा आकाशातून काढलेला फोटो त्याने कुठूनसा मिळवला. मधोमध मार्था खाणीचा अजस्र खड्डा आणि खड्ड्याच्या काठाला खेटून घरं, दुकानं, रस्ते. खाली एक ओळ: "तुमच्या थय सोन्याची खाण गावाच्या मधी चलता, मगे आमच्याच हय कित्या बोंब?"

पाच मिनिटांत पुण्याच्या आतेबहिणीने मीच कधीतरी टाकलेला कारांगाहाके घळीतला फोटो शोधून त्याच्या तोंडावर मारला. हिरवेगार कडे, खाली काचेसारखं पाणी, झुलता पूल. "बघ, तिथे डोंगर कसे जपतात. आपण मात्र विकायला काढलेत."

दोघांनी साक्षीदार म्हणून उभं केलं ते मलाच. मी हॅमिल्टनला राहतो. गाडीने तासाभरात कोरोमंडलच्या डोंगरांच्या पायथ्याशी पोचतो आणि महिन्यातून एखादा रविवार तिथे पाय मोडून घेतो. गंमत अशी की या दोन फोटोंमध्ये गाडीने वीस मिनिटांचंसुद्धा अंतर नाही. एकाच दगडातलं सोनं, एकाच नदीचं पाणी.

कोरोमंडल म्हणजे ऑकलंडच्या पूर्वेला समुद्रात घुसलेली डोंगरांची रांग. उंची फारशी नाही, सर्वांत उंच मोएहाऊ ८९२ मीटर, पण चढ अंगावर येणारे, जंगल दाट आणि दोन्ही बाजूंना समुद्र. आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडून आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी घरचं वाटावं असं. फरक हा की इथल्या जवळजवळ प्रत्येक पायवाटेखाली कुणाचा तरी धंदा गाडलेला आहे. पिनॅकल्सच्या ७५९ मीटर सुळक्याकडे चढताना दगडात खोदलेल्या पायऱ्या लागतात. त्या ट्रेकरांसाठी नव्हत्या, कौरीची झाडं तोडणाऱ्यांचा आणि डिंक काढणाऱ्यांचा शिधा वाहणाऱ्या घोड्यांसाठी होत्या. १८५२ मध्ये इथे सोनं दिसलं, १८६७ मध्ये टेम्सला मोठी झुंबड उडाली, आणि पुढची पन्नास-साठ वर्षं या डोंगरांना कुणी डोंगर म्हणून बघितलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा आले होते, तेव्हा त्यांना मी कारांगाहाकेला नेलं. सत्तरी ओलांडलेली, पण पोफळीत रोज उतरणारा माणूस. त्यांना पुलांची नाही, माझ्या गाडीची भीती वाटते.

गाडीतळ सोडला की झुलत्या पुलावरून नदी ओलांडायची आणि समोर उभ्या राहतात गिरण्यांच्या जुन्या भिंती. क्राउन, वुडस्टॉक, तालिसमन ही त्यांची नावं. दगड कुटून त्यातून सोनं काढणाऱ्या या गिरण्या. वर चढलं की 'विंडोज वॉक'. वाईताफेटा नदीच्या घळीत, उभ्या कड्याच्या पोटातून खणलेला बोगदा. टॉर्च लागतेच. पायाखाली जुने रूळ अजून आहेत, मध्येच पाणी साचलेलं, भिंतीला हात लावला तर गार आणि ओला. आणि मग अचानक कड्याला पाडलेलं भोक येतं, माणूस उभा राहील एवढं. त्या खिडकीतून उजेड आत पडतो आणि खाली घळ दिसते. लोक इथे थांबून फोटो काढतात. मीही काढलेत. ही खिडकी खाणकामगारांनी देखावा बघायला पाडली नव्हती. नको असलेला दगड सरळ खाली नदीत लोटून देण्यासाठी पाडली होती.

बाबा त्या खिडकीपाशी बराच वेळ उभे राहिले. कड्यावर पातळ नेचे लोंबत होते, खाली पाण्याचा आवाज. मला वाटलं, भारावले असतील. त्यांनी विचारलं, "ह्यां पाणी ढोरां पितत काय रे?"

हा प्रश्न मला नऊ वर्षांत सुचला नव्हता.

झालं होतं असं. इथलं सोनं गारेच्या दगडात इतकं बारीक की पाऱ्याने त्यातलं बरंच हाती लागत नसे, दगडाबरोबर वाहून जाई. १८८९ मध्ये क्राउनच्या गिरणीत सायनाइड वापरून सोनं विरघळवण्याची पद्धत करून बघितली गेली. खाणीवर ती जगात पहिल्यांदा वापरली गेली ती इथे. पद्धत चालली आणि धंद्याचं रूपच पालटलं. जवळच्या वाइकिनोला २०० घणांची व्हिक्टोरिया गिरणी उभी राहिली, दिवसाला ८०० टनांवर दगड कुटणारी. तिचे काँक्रीटचे ओटे आणि दगड भाजायच्या गोल भट्ट्या आजही बघता येतात. आता एवढा कुटलेला दगड, पिठासारखा, सायनाइडचा अंश असलेला, ठेवायचा कुठे? सरकारने १८९५ मध्ये सोपा मार्ग काढला. या घळीतून वाहणारी ओहिनेमुरी आणि ती पुढे जिला मिळते ती वाइहौ या दोन नद्या कायद्याने 'गाळवाहिनी' म्हणून जाहीर केल्या. चक्क कागदावर. नदीत राडा सोडणं हा गुन्हा उरला नाही, तो हक्क झाला.

नदीचं पात्र भरत गेलं. पाणी जाणार कुठे? १९०७ मध्ये खालच्या पाएरोआ गावात पूर घुसला, शेतांवर तो राखाडी गाळ बसला. शेतकऱ्यांनी बोंबाबोंब केल्यावर १९१० मध्ये नदीसुधारणेचा वेगळा कायदा करावा लागला आणि मग बांध, उपसा, पुन्हा बांध. सोनं ज्यांनी नेलं त्यांची नावं रस्त्यांना आहेत. गाळ ज्यांच्या कुरणात बसला त्यांची बहुतेक कुठेच नाहीत.

चुलतभावाला मी हे लिहिलं. तो म्हणाला, शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी काय सांगतोस. रास्त आहे. त्याची बाजू मी हसण्यावारी नेत नाही. त्याच्याकडे एक डंपर आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले तेव्हा तिथे डंपर रस्त्याकडेला उभे राहिले, त्यातलाच एक त्याने स्वस्तात उचलला. हप्ता मात्र स्वस्त नाही. पुण्यातून किंवा हॅमिल्टनहून त्याला जैवविविधता समजावणं फार सोपं असतं.

म्हणून त्याला अलीकडच्याच दोन गोष्टी सांगितल्या. पहिली वाइहीचीच. ज्या गावाच्या मधोमध खाण 'चलता', तिथे २००१ मध्ये जुन्या खाणींच्या पोकळीवरची जमीन खचली आणि राहतं घर आत गेलं. १९०४ ची पंपघराची भलीमोठी काँक्रीटची इमारत २००६ मध्ये अख्खीच्या अख्खी तीनशे मीटर सरकवली, कारण तिच्या खालचा आधार भरवशाचा उरला नव्हता. त्याने दाखवलेल्या खड्ड्याचीही एक बाजू ढासळली, आणि सोनं आता जमिनीखालून निघतं. तरीही खाण चालते, खरं आहे. पण खाण बंद झाल्यावर करायच्या कामाचे पैसे तिथे आधीच हमी म्हणून बाजूला ठेवावे लागतात.

हे शहाणपण त्यांना कुठून आलं, ती दुसरी गोष्ट. थोडं दक्षिणेला 'ते आरोहा' नावाचा ९५२ मीटरचा डोंगर आहे. माथ्यावर चढून जायला मी म्हणेन हिवाळ्यातला निरभ्र दिवस धरावा, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाइकाटोची सपाट कुरणं. याच डोंगरावर टुई नावाची तांबं, शिसं, जस्ताची खाण होती. चालली किती? १९६७ ते १९७३. सहा वर्षं. कंपनी दिवाळखोर निघाली, मालक गेले, आणि गावाच्या डोक्यावर विषारी गाळाचा ढीग उरला, जो मोठ्या पावसात किंवा भूकंपात खाली येईल अशी धास्ती होती. तो स्थिर करायचं काम संपलं २०१३ मध्ये. दोन कोटी डॉलरच्या वर खर्च, तोही करदात्यांच्या खिशातून. सहा वर्षांच्या धंद्याचं चाळीस वर्षांनी निस्तरणं, आणि ते निस्तरू शकले कारण सरकारकडे पैसे होते.

आपल्याकडे २०२१ च्या जुलैत दोडामार्गातल्या कळण्याच्या खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्याने बांध फोडला आणि चिखल खालच्या घरांत, बागायतीत शिरला. कोरोमंडलात निदान पुष्कळ ठिकाणी डोंगर आणि वस्ती यांच्यामध्ये जंगल आहे. आमच्याकडे डोंगराचा झरा म्हणजे गावाचा नळ. व्हाळाला पाट काढायचा, पाटाचं पाणी पोफळीला. वर कुठे खणलं तर खाली चुलीपर्यंत लाल पाणी येतं.

एवढ्याने आतेबहीण खूश झाली. तिला म्हटलं, थांब, तुझा फोटोही तेवढा खरा नाही.

त्या खिडकीतून निघाल्यावर बाबांचा दुसरा प्रश्न होता: "मगे हय रवता कोण?" कोणीच नाही. फक्त चालणारे येतात, बूट घासतात, जातात. (बूट घासणं खरंच. कौरीच्या मुळांना मातीतून एक बुरशीसारखा रोग लागतो, म्हणून वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशकाचा फवारा असतो. बाबांनी आपल्या चपलाही निष्ठेने घासल्या.) हे रिकामपण नैसर्गिक नाही. ओहिनेमुरीच्या खोऱ्यात माओरी लोक होते आणि त्यांचे 'ते हिरा' नावाचे पुढारी सोनं शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं आत येऊ देत नव्हते. मग सरकारी दलालाने माणसांना दुकानातून उधार माल घेऊ दिला, जमिनीच्या तारणावर. उधारी फुगली आणि १८७५ च्या मार्चमध्ये खोरं उघडलं. सावकारी ती सावकारीच. आज आपण ज्याला जपलेला डोंगर म्हणतो तो आधी माणसांकडून घेतलेला, मग ओरबाडलेला, मग टाकून दिलेला आणि त्यानंतर हिरवा झालेला डोंगर आहे. सिंधुदुर्गात तशी रिकामी जागा नाही, आणि देव करो ती होऊ नये.

जपणूकही इथे आपसूक होत नाही. कोरोमंडलच्या उत्तर भागात खाणकाम नको असं कायद्याच्या एका परिशिष्टात लिहिलं आहे. २०१० मध्ये सरकारने त्यातली काही जमीन वगळायचं ठरवलं तेव्हा ऑकलंडच्या क्वीन स्ट्रीटवर सुमारे ४० हजार माणसं उतरली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. ही कथा आतेबहिणीला आवडते. पुढचा भाग आवडत नाही. २०२४ मध्ये इथे मोठ्या प्रकल्पांना झटपट मंजुरी देणारा कायदा झाला. त्याच वाटेने वाइहीच्या उत्तरेला, फारेकिराउपोंगाच्या जंगलाखालच्या सोन्यासाठी अर्ज गेला. त्या जंगलात आर्चीचा बेडूक राहतो, ज्याची पिल्लं पाण्यात वाढत नाहीत, बाप पाठीवर वागवतो. सुरुंगांच्या हादऱ्यांनी त्याचं काय होईल यावर तज्ज्ञ भांडले. मी त्या भागात चालतो, इथे कर भरतो, पण या प्रक्रियेत सरसकट सगळ्यांना बोलायला जागा नाही. ज्यांना बोलावलं जातं तेच म्हणणं मांडतात.

आणि घरी? पश्चिम घाट कसा जपायचा यावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा. त्यावर कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. मग घाटातलं संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेच्या मसुद्यावर मसुदे, सहावा २०२४ मध्ये. मधल्या गोंगाटात गाडगीळांचं एक म्हणणं सगळ्यांनी सोयीने विसरलं: काय जपायचं, काय करू द्यायचं, हे ग्रामसभेला विचारून ठरवा. चुलतभाऊ समजतो अहवाल म्हणजे बंदी, आतेबहीणही तेच समजते, फक्त एकाला ती नको आणि दुसरीला हवी. दोघांनीही तो वाचलेला नाही असा माझा दाट संशय आहे.

मोठ्या खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधी आपल्याकडे सहसा जनसुनावणी घ्यावी लागते. ती कशी होते ते मला माहीत आहे. मांडव, पोलीस, मराठीत धड न उतरवलेला अहवाल, आणि मागच्या रांगेत बाहेरून आणलेली माणसं. तरी तिथे पोफळीवाला उठून माइकसमोर उभा राहू शकतो आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात लिहावं लागतं. मला इथे फारेकिराउपोंगासाठी तेवढंही मिळालं नाही. म्हणून मी ग्रुपवर लिहिलं की न्यूझीलंडचं नाव दोघांनीही सोडा. पट्टा मागणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: राडा कुठे ठेवणार, आणि तुम्ही गेल्यावर साफ करायचे पैसे आज कुणाच्या खात्यात आहेत?

ग्रुप दोन दिवस गप्प होता. मग बाबांचा आवाज आला, नऊ सेकंदांचा, मागे कोंबडा ओरडत होता. चुलतभावाला उद्देशून होतं.

"सुनावणी लागली की माका सांग. डंपरात बसवन न्हेलंस तरी चलात."