व्हील बेअरिंग हातोडीने बसतं म्हणे!

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरत असतो. सारांश असा: व्हील बेअरिंग (चाक ज्याच्या आधाराने फिरतं ती बॉलची किंवा रोलरची कडी) बदलायला गॅरेजवाले उगाच पैसे उकळतात, एक जड हातोडी, चार गोटी पाने आणि काढलेलं जुनं बेअरिंग एवढ्यावर हे काम घरी होतं. त्याला जोडून आणखी दावे येतात. प्रेस (जोराने दाबून बसवणारं यंत्र) लागत नाही. ऑनलाइन मिळणारा पुलर सेट (दांडा फिरवून बेअरिंग ओढायचा-ढकलायचा संच) सगळ्या गाड्यांना चालतो. बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवून नकल (बेअरिंग ज्याच्या भोकात बसतं तो चाकामागचा धातूचा भाग) बर्नरने तापवलं की ते आपोआप सरकतं. एक्सल नट (एक्सलच्या टोकाचा मोठा नट) इम्पॅक्ट गनने, म्हणजे झटके देत आवळणाऱ्या यंत्राने, आवळला की टॉर्क रेंचचा (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याचा) खर्च वाचतो.

हे काम घरी करता येतं, याबद्दल माझं दुमत नाही. ज्याला ब्रेक पॅड बदलता येतात आणि ज्याच्याकडे एक रविवार मोकळा आहे, त्याने जरूर करावं. भांडण आहे ते हत्यारांच्या यादीशी.

या यादीचा पहिला घोळ असा की ती 'व्हील बेअरिंग' हा एकच प्रकार असल्यासारखं बोलते. रस्त्यावरच्या गाड्यांत निदान तीन प्रकार भेटतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या जीपवजा गाड्यांच्या पुढच्या हबमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या भागात) दोन सुटी टेपर रोलर बेअरिंगं असतात. ती ग्रीस भरून बसवायची, नट आवळून थोडा सैल सोडायचा आणि स्प्लिट पिन घालायची. दुसरा प्रकार नकलमध्ये दाबून बसवलेल्या दुहेरी बॉल बेअरिंगचा. आपल्याकडच्या कित्येक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना हेच असतं. तिसरा प्रकार म्हणजे हब आणि बेअरिंग मिळून एकच तयार युनिट, जे तीन-चार बोल्टांवर नकलला बसतं. एकाच गाडीत पुढे दाबून बसवलेलं आणि मागे बोल्टचं, असंही सर्रास असतं. म्हणून हत्यारं विकत घ्यायच्या आधी चाक काढून पाहावं, किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून पार्ट हातात घेऊन बघावा. नुसती गोल कडी मिळाली तर दाबायचं काम आहे. बोल्टांची भोकं असलेला हब मिळाला तर नाही.

त्यामुळे 'प्रेस लागत नाही' हा दावा बोल्टच्या युनिटपुरता पूर्ण खरा आहे. तिथे गंजून चिकटलेलं युनिट सोडवताना हातोडीही बिनधास्त चालवा, कारण ते टाकूनच द्यायचं असतं. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या हवेत वाढलेल्या गाड्यांवर तर तिच्याशिवाय ते सुटणारही नाही. बहुधा असंच एखादं युनिट कोणीतरी अर्ध्या तासात बदललं आणि तो अनुभव सगळ्या गाड्यांच्या माथी मारला.

आता दाबून बसवलेल्या बेअरिंगकडे वळू, कारण खरं नुकसान तिथे होतं. या बेअरिंगला बाहेरची कडी असते, आतली कडी (ती बहुतेक वेळा दोन भागांत) आणि मधे बॉल. बाहेरची कडी नकलमध्ये घट्ट बसते, आतल्या कडीत हब घट्ट बसतो. नियम सोपा आहे: जी कडी घट्ट जागेत सरकायची आहे, जोर तिच्यावरच आला पाहिजे. नकलमध्ये बेअरिंग घालताना फक्त बाहेरच्या कडीवर. हब घालताना आतल्या कडीला मागून आधार देऊन. हे उलटं झालं की सगळा जोर बॉलमधून जातो आणि जिथे बॉल टेकलेला असतो तिथे कडीच्या गुळगुळीत वाटेवर खळगा पडतो.

योहान आउगुस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने 1900 साली धातूचा कठीणपणा मोजायची जी पद्धत जगापुढे मांडली, तिच्यात हेच केलं जातं. 10 मिलिमीटरचा कडक गोळा 3000 किलोच्या दाबाने धातूवर दाबायचा आणि पडलेला खळगा मोजायचा. बेअरिंगमधल्या अशा खळग्यांना इंग्रजीत त्याच्याच नावाने ओळखतात. हातोडीने बेअरिंग ठोकणारा माणूस नकळत ब्रिनेलची चाचणी नव्या कोऱ्या मालावर करत असतो. फरक इतकाच की त्याला खळगे दिसत नाहीत. बेअरिंग हाताने फिरवलं तर मऊ फिरतं, पहिल्या चकरेला गाडी शांत चालते, आणि काही दिवसांनी ताशी साठच्या पुढे तीच जुनी घरघर सुरू होते. मग दोष 'डुप्लिकेट पार्ट'वर जातो. डुप्लिकेट माल बाजारात आहेच, पण ठोकून मारलेली अस्सल बेअरिंगंही त्याच्या खात्यावर जमा होतात.

यावर त्या सल्ल्याकडे उत्तर तयार असतं: जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी नव्यावर ठेवा आणि तिच्यावर ठोका, म्हणजे जोर योग्य जागी जातो. कल्पना निम्मी बरोबर आहे. पण बेअरिंग अडकवणाऱ्या सर्कलिपची (स्प्रिंगसारख्या लवचिक कडीची) खोबण नकलच्या तोंडापासून आत असते. म्हणजे नवं बेअरिंग तोंडाच्या आत काही मिलिमीटर जायला हवं, आणि त्याच्या मागोमाग तेवढ्याच व्यासाची जुनी कडीही त्याच घट्ट भोकात शिरते. मग ती काढत बसा. तिला ग्राइंडरने उभी चीर देऊन किंवा बाहेरून घासून थोडी बारीक केली तर ती ढकलायला उत्तम. पण ढकलायची ती स्क्रूने किंवा प्रेसने. हातोडीचा घाव कधीच चारी बाजूंनी सारखा बसत नाही. कडी तिरकी होते, नकलचं भोक एका बाजूने खरवडतं, आणि पुढचं प्रत्येक बेअरिंग तिथे सैल बसतं.

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर आणखी एक गोष्ट सांभाळायची. 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचंच आहे. पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय कडी असते आणि सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग वाचतो. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे बहुतेक गाड्यांत आतल्या अंगाला यायला हवी. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सील सारखेच वाटतात. एक हलकी स्टेपलची पिन जवळ नेली की जी बाजू तिला ओढते ती चुंबकाची. त्या बाजूला हातोडी, छिन्नी किंवा लोहचुंबकाचा ट्रे लागू देऊ नये. बेअरिंग उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं, तेही नवं बेअरिंग आणून, कारण दाबून बसवलेलं काढताना ते सहसा वाया जातं.

पुलर सेटबद्दल. जाड आट्यांचा दांडा आणि वेगवेगळ्या मापांच्या वाट्या असा तो सेट असतो, आणि घरी दाबून बसवायला याहून योग्य वस्तू नाही. 'सगळ्या गाड्यांना चालतो' हे मात्र विक्रेत्याचं वाक्य आहे. बेअरिंग बाहेर 72 मिलिमीटरचं असेल तर ढकलणारी वाटी त्याहून जराशी लहान हवी आणि तिची कड फक्त बाहेरच्या कडीवर टेकायला हवी. पलीकडची, बेअरिंग झेलणारी वाटी 72 हून मोठी आणि पुरेशी खोल हवी. स्वस्त सेटमध्ये नेमकी हीच जोडी नसते, किंवा असली तर तिचं लोखंड इतकं मऊ असतं की वाटी वाकते. तेव्हा व्हर्नियरने बेअरिंग मोजा आणि मगच सेट घ्या. वाटी जुळत नसेल तर लेथवाल्याकडे जा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, पुण्या-मुंबईच्या कुठल्याही औद्योगिक गाळ्यांत साध्या लोखंडाची कडी मापाने वळवून मिळते. बाहेरून 71.5, आणि आतून एवढी कोरलेली की आतल्या कडीला स्पर्श होणार नाही. मला विचाराल तर या एका वळवलेल्या कडीची किंमत अख्ख्या सेटमधल्या बाकीच्या वाट्यांहून जास्त आहे.

दांड्याच्या आट्यांना प्रत्येक वेळी चांगलं ग्रीस लावायचं आणि तो हाताने, लांब पान्याने फिरवायचा. इम्पॅक्ट गन लावली की कोरडे आटे एकमेकांत रुततात आणि दांडा मधेच अडकतो. जोर अचानक वाढला तर थांबून बघावं: बेअरिंग तिरकं शिरतंय, किंवा आधीच तळाला टेकलंय.

फ्रीझरच्या दाव्याचा हिशेब करू. पोलाद दर अंश सेल्सियसला लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांश भागाने आक्रसतं. 72 मिलिमीटरचं बेअरिंग 27 अंशांवरून उणे 18 पर्यंत नेलं, तर व्यास साधारण 0.04 मिलिमीटर कमी होतो. घट्ट बसवणीतला फरकही याच मापात असतो, म्हणजे मदत नक्की होते. पण 'आपोआप सरकतं' असं काही घडत नाही, आणि नकलच्या गरम लोखंडाला टेकताच तो फायदा भराभर संपतो. शिवाय आपल्या दमट हवेत फ्रीझरबाहेर काढलेल्या बेअरिंगवर दव धरतं, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावं आणि शेवटच्या क्षणी उघडावं. तापवायचंच असेल तर रिकामं, साफ केलेलं नकल हीट गनने हाताला चटका बसेल इतपतच. बर्नरची ज्योत नको. बॉल जॉइंटचं रबर, सेन्सरची वायर, ब्रेकचा होज हे सगळं हातभर अंतरात असतं, आणि नकल ॲल्युमिनियमचं असेल तर त्याची ताकद उतरते. सील असलेलं, ग्रीस भरून आलेलं बेअरिंग तर तापवूच नये. त्यात वरून जास्तीचं ग्रीस भरायचा सल्लाही कुठेकुठे दिसतो. त्यासाठी सील उचकटावं लागतं, आणि पहिल्या पावसात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली की त्याच वाटेने पाणी आत जातं.

हब बाहेर काढला की जुन्या बेअरिंगची आतली अर्धी कडी बहुतेक वेळा हबलाच चिकटून येते. सल्ल्यात याचा उल्लेखच नसतो. तिच्यासाठी बेअरिंग स्प्लिटर लागतो: पाचरीसारख्या कडेचे दोन अर्धगोल कडीखाली घुसवून आवळायचे आणि पुलरने ओढायचं. तो नसेल तर ग्राइंडरने कडी जवळजवळ पूर्ण कापून, छिन्नीच्या एका घावाने तडकवतात. डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण ती कडी काचेसारखी फुटते. आणि हबच्या पृष्ठभागाला ग्राइंडर लागला तर हबही बदलावा लागतो.

राहिला एक्सल नट. सल्ल्यातला सगळ्यात धोकादायक दावा मला हाच वाटतो. हा नट नुसता एक्सल धरून ठेवत नाही. आतल्या कडीचे दोन भाग तोच एकमेकांवर दाबतो आणि बॉलमधली फट त्याच्यामुळे ठरते. कमी आवळला तर भाग हलतात आणि बेअरिंग लवकर जातं. जास्त झाला तर आटे ताणतात. बऱ्याच छोट्या-मध्यम गाड्यांत हा टॉर्क (आवळण्याचा जोर) 175 ते 300 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. 200 म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण 20 किलोचा भार. काही मॅन्युअलांत आधी टॉर्क आणि मग पुढे अमुक अंश फिरवा असंही दिलेलं असतं. इम्पॅक्ट गन नेमकी किती आवळून थांबली हे कळायला काही मार्ग नाही. टॉर्क रेंच घेतानाही आकडा बघा: दुकानात सहज मिळणारा अर्धा इंची रेंच 28 ते 210 पर्यंतचा असतो, आणि तुमच्या गाडीला 240 लागत असतील तर तो कुचकामी.

नट दरवेळी नवा घ्यायचा, विशेषतः कड खोबणीत ठोकून अडकवलेला असेल तर. सोडताना तो चाक जमिनीवर आणि ब्रेक दाबलेला असताना लांब पाइप लावून फक्त सैल करावा. गोटी 30, 32 किंवा 36 ची, जाड भिंतीची. सैल नटावर गाडी ढकलायची नाही, पार्किंगमधल्या पार्किंगमध्येसुद्धा नाही. गाडीचं वजन सैल बेअरिंगवर आलं की ते तिथेच बिघडू शकतं.

'गॅरेजवाले उगाच पैसे घेतात' याबद्दल एवढंच की त्यातले बरेचसे पैसे खोलाखोलीचे असतात, आणि ती तुम्ही करू शकता. घरी घ्यायची हत्यारं त्याच हिशेबाने ठरवावीत: दोन भक्कम जॅक स्टँड (सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर खाली जाड प्लायचा तुकडा), मापाची गोटी आणि लांब ब्रेकर बार, पुरेशा क्षमतेचा टॉर्क रेंच, सर्कलिप प्लायर, आणि बॉल जॉइंट सोडवायला दाबणारा रिमूव्हर. काट्यासारखा ठोकायचा रिमूव्हर नको, त्याने रबर फाटतं. एवढ्यात नकल मोकळं होतं. ते आणि नवं बेअरिंग पिशवीत घालून हायड्रॉलिक प्रेस असलेल्या कारागिराकडे न्यावं. दाबून द्यायची मजुरी बेअरिंगच्या मानाने किरकोळ असते. तो दाबत असताना मात्र समोर उभं राहून जोर कुठल्या कडीवर येतोय ते बघा, चुंबकाची बाजू त्याला आधी दाखवा, आणि हब घालताना आतल्या कडीखाली आधाराची कडी ठेवलीय ना, हे विचारा. चिडला तरी विचारा.