उजेड पडला म्हणून शैवालाचं श्वसन थांबत नाही

‘शैवाल दिवसा फक्त ऑक्सिजन देतं, श्वसन करतं ते रात्री.’ हे विधान इतक्यांदा पुढे पाठवलं जातं की आता ते ज्ञान म्हणूनच खपतं. ते चुकीचं आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ दिली जाणारी कारणं एकेक करून पाहू.

‘दिवसा पाण्यातला ऑक्सिजन वाढतो, म्हणजे तो वापरला जात नाही.’ वाढतो हे खरं, पण आपण मोजतो ती शिल्लक असते, तयार झालेल्यातून खर्च वजा जाऊन उरलेली. क्लोरेला या एकपेशीय हिरव्या शैवालावरचा प्रकाश मंद करत नेला तर एका टप्प्यावर ऑक्सिजन ना वाढतो ना घटतो. तेव्हा पेशी स्वस्थ नसतात. जेवढं बनतं तेवढंच खर्ची पडतं.

मग हा खर्च वेगळा मोजायचा कसा? यावरची युक्ती मला या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. प्रकाशसंश्लेषणातून सुटणारा ऑक्सिजन पाण्यातला असतो. म्हणून पाणी साधंच ठेवायचं आणि वरच्या हवेत ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक, म्हणजे ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार, मिसळायचा. हवेतला जड ऑक्सिजन घटत गेला, तर तो पेशींनीच घेतला. अ‍ॅलन ब्राउन यांनी १९५३ साली अशी मोजमापं प्रसिद्ध केली. क्लोरेला उजेडातही ऑक्सिजन घेत होतं, जवळपास अंधारातल्याच वेगाने. प्रखर प्रकाशात मात्र हरितलवकंही (पेशीतले प्रकाशसंश्लेषण करणारे भाग) काही ऑक्सिजन ओढून घेतात, त्यामुळे तिथे सगळा खर्च श्वसनाच्या नावे मांडता येत नाही.

‘उजेडात ऊर्जा मिळतेच, मग श्वसन कशाला?’ कारण श्वसन फक्त ऊर्जेसाठी नसतं. अमिनो आम्लं बांधायला लागणारे कार्बनचे सांगाडे त्याच वाटेने मिळतात, आणि वाढणाऱ्या पेशीला ते भर दिवसाही हवे असतात.

‘प्रकाशाने श्वसन दबतं हे शास्त्रज्ञ कोक यांनीच दाखवलं.’ या मुद्द्यात तथ्य आहे. बेसेल कोक यांना १९४८च्या सुमारास क्लोरेलात दिसलं की अगदी मंद प्रकाशात ऑक्सिजनचा आलेख एका ठिकाणी वाकतो, आणि श्वसन दबल्याचा अर्थ त्यातून काढला गेला. पण दबणं वेगळं, थांबणं वेगळं. नील-हरित शैवालात हे दबणं समजण्यासारखं आहे: तिथे प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन एकाच पटलावर चालतं, इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणूही काही अंशी सामाईक असतात, त्यामुळे ओढाताण होते. हिरव्या शैवालात मात्र श्वसन तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), म्हणजे पेशीतल्या वेगळ्या भागात चालतं. नील-हरित शैवालाचा नियम हिरव्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

दिवा मालवल्यावरची पहिली काही मिनिटं तर या दाव्याच्या थेट विरुद्ध जातात. ताजी साखर हाताशी असल्याने श्वसन बराच काळ अंधारात असलेल्या शैवालापेक्षा जास्त असतं. आणि हरितद्रव्य नसलेल्या, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करूच न शकणाऱ्या क्लोरेलाच्या एका उत्परिवर्तित वाणावर निळा प्रकाश टाकला, तेव्हा त्याचं श्वसन वाढलं.