‘पट्टी बोगस’ म्हणणाऱ्या चोपड्याच्या ग्राहकाला आमचं उत्तर

भाऊ, राम राम. आमच्याकडून नेलेल्या एलईडी लाईटच्या पट्टीबद्दल ‘दोन महिन्यांत दोन ड्रायव्हर उडाले, डिम केलं की लाईट लुकलुकतात, पट्टी बोगस, दुकानदार फोन उचलत नाही’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलाय. (ड्रायव्हर म्हणजे घरातल्या 230 व्होल्टचे 24 करून पट्टीला देणारा डबा.) फोनचं आधी सांगतो. लग्नसराईची गर्दी होती हे खरं, पण तीनदा मिस्ड कॉल दिसूनही उलटा फोन केला नाही, ही चूक माझीच.

रात्री तुमचं बिल काढून पाहिलं. पट्टी 24 व्होल्टची, मीटरला 14.4 वॉट. 5 मीटरचे झाले 72 वॉट, आणि खाली लिहिलंय ‘ड्रायव्हर 60 वॉट’. काउंटरवरच्या पोराने बेरीज केलीच नाही. वीसेक टक्के मोकळे सोडून तिथे 100 वॉटचा द्यायला हवा होता. त्यात आपल्याकडचा मे महिना, बाहेर 44-45 अंश, आणि ड्रायव्हर बंद पीओपीच्या छताच्या वर कोंडलेला. आतल्या कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचं, आयुष्य उष्णता वाढली की दर 10 अंशांना साधारण निम्मं होतं. तो उडणारच होता. दोन्हींचे पैसे परत देतो.

पण पट्टीला बोगस म्हणू नका. तुमच्या फोटोत बोर्डावर जुन्या पिवळ्या बल्बचा डिमर दिसतोय. (काही वायरमन तर पंख्याचा रेग्युलेटरच ठोकतात, तेवढं तरी तुमच्याकडे झालं नाही.) तो डिमर 230 व्होल्टची लाट कापून पुढे पाठवतो. आम्ही दिलेला साधा ड्रायव्हर प्रकाश कमी करायच्या कामाचाच नाही. तो प्रकाश आहे तेवढाच ठेवायला धडपडतो, पुरेसं मिळालं नाही की बंद पडतो, परत लागतो. तीच तुमची लुकलुक. डिमर कोणता आहे हे विकतानाच विचारायला हवं होतं.

आता भिंत फोडायची गरज नाही. बोर्डावर डिमरच्या जागी साधं बटण बसवा, आणि ड्रायव्हर व पट्टीच्या मध्ये, 24 व्होल्टच्या बाजूला, रिमोटचा पीडब्ल्यूएम डिमर, म्हणजे पट्टी डोळ्यांना कळणार नाही इतक्या झपाट्याने चालू-बंद करून प्रकाश कमी करणारा. तुमच्या पट्टीला 3 अँपिअर लागतात, मी 8 चा देईन. स्वस्तातला घेतला तर मोबाइलने शूटिंग करताना काळे पट्टे दिसतात, म्हणून तो दुकानात कॅमेरा लावून बघूनच न्या. डिमरचे पैसे मात्र लागतील. ड्रायव्हर 100 वॉटचा आमच्याकडून, आणि या वेळी तो पीओपीच्या आत न कोंडता हवा लागेल असा ठेवायला सांगा.

जळगावला याल तेव्हा उडालेले ड्रायव्हर फेकले नसतील तर पिशवीत घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं.