क्युबेकला गाडीने जाऊ नका म्हणे!

आमच्या टोरंटोजवळच्या मिसिसागाच्या मराठी ग्रुपवर दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, "गास्पेला गाडीने जावं का?" (गास्पे म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या क्युबेक प्रांताच्या पूर्वेचं द्वीपकल्प.) आणि खाली ठरलेली उत्तरं येतात. तिकडचे लोक इंग्रजी येत असूनही मुद्दाम बोलत नाहीत. पाट्या सगळ्या फ्रेंचमध्ये. आँटॅरिओची नंबरप्लेट दिसली की पोलीस अडवतात. त्यापेक्षा रॉकी पर्वतातल्या बँफला जा, निदान आपली माणसं भेटतील.

या जुलैत आम्ही जाऊन आलो. मी, नवरा, नववीतली मुलगी आणि साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. प्रवास त्रासाचा झाला. गोड प्रवासवर्णन हवं असेल तर इथेच थांबा. पण ज्या कारणाने त्रास होणार म्हणून सगळे घाबरवत होते, त्याने तो फारसा झालाच नाही. ज्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता, त्याने घाम फोडला.

आधी अंतर. टोरंटो ते गास्पेच्या टोकाचं पेर्से गाव सुमारे १५०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा थोडं जास्तच. शिवाय सँत-फ्लाव्हीपासून पुढे रूट १३२ अख्ख्या गास्पे द्वीपकल्पाला वळसा घालतो, तो वळसाच जवळजवळ ९०० किलोमीटरचा. नकाशावर हे सगळं "क्युबेक सिटीच्या जरा पुढे" असं दिसतं. क्युबेक सिटी आली की सासूबाईंना वाटलं, पोचलो. खरं तर तिथून गास्पे आणखी ७०० किलोमीटर होतं.

पाट्यांचं म्हणाल तर आपला ४०१ हायवे प्रांताची हद्द ओलांडली की ऑटोरूट २० होतो आणि एक्झिटच्या जागी सॉर्ती दिसायला लागतं. एस्त म्हणजे पूर्व, उएस्त म्हणजे पश्चिम, पाँ म्हणजे पूल. तासाभरात जमतं. थांबा सांगणारी पाटी तीच लाल, अष्टकोनी, फक्त तिच्यावर 'आरे' लिहिलेलं असतं. (गंमत म्हणजे खुद्द फ्रान्समध्ये त्या पाटीवर स्टॉपच लिहितात.) भाषेच्या कायद्यात वाहतुकीच्या पाट्यांवर फ्रेंचच हवी असं आहे, पण अक्षरांऐवजी चित्र चालतं, आणि सुरक्षेची गोष्ट चित्राने सांगता येत नसेल तर दुसरी भाषाही चालते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी चित्रंच आहेत. दगड कोसळतायत, मूस (ते मोठं हरीण) आडवा येतोय, लाट रस्त्यावर उडतेय. यात न कळण्यासारखं काय आहे?

डोकं फिरवलं ते फोनमधल्या बाईने. ती रस्त्यांची फ्रेंच नावं इंग्रजी वळणाने वाचते. कानावर पडतं एक, पाटीवर दिसतं तिसरंच, आणि गाडी शंभराच्या वेगात. त्यात माँट्रियलमध्ये नारिंगी कोनांचं साम्राज्य. निम्मे रस्ते खोदलेले, वळणरस्ता संपायच्या आत दुसरा वळणरस्ता. माँट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळायला बंदी आहे, आँटॅरिओत ती सवय हाडात मुरलेली. नवरा प्रत्येक सिग्नलला थांबून "जाऊ का?" विचारायचा आणि मागून तिघी एका सुरात "नाही!" शेवटी मी आवाज बंद केला आणि मुलीला पुढे बसवून पाट्या मोठ्याने वाचायला लावल्या. त्यानंतर एकही सॉर्ती चुकली नाही. पोलिसांनी अडवलं का? नाही. गाडीचा वेग किती होता हे मात्र इथे लिहू नकोस, असं नवऱ्याने बजावलंय.

खरा प्रकार सँत-आन-दे-माँच्या पुढचा. एका हाताला उभा कडा, दुसऱ्या हाताला सेंट लॉरेन्स नदीचं ते समुद्रासारखं पात्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता. १९२९ मध्ये हा वळसा पूर्ण झाला, तोपर्यंत इथल्या बऱ्याच गावांचं दळणवळण होडीनेच चालायचं. ते का, हे पाचच मिनिटांत कळतं. देखावा अप्रतिम आहे, पण गाडी चालवणाऱ्याला तो बघायला मिळत नाही. माँ-लुईच्या पुढे चढ-उतार सुरू झाले, धुकं आलं, फोनची रेंज गेली आणि कड्यावरून आलेल्या एका धारदार दगडाने टायरची कड फाडली.

आजकालच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनीच नसते. हवा भरायचा पंप आणि भोक बुजवायच्या रसायनाची बाटली एवढंच देतात. टायरची कड फाटली तर त्या दोन्हींचा उपयोग शून्य. गाडी विकताना कोणी हे सांगत नाही. तुम्ही आज डिकी उघडून बघा, मग पुढचं वाचा.

संध्याकाळचे सात वाजून गेले होते. मी आणि लेक चालत एका घरापर्यंत गेलो. सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं. इंग्रजी अजिबात नाही. लेकीचं शाळेतलं फ्रेंच व्याकरणात पक्कं, पण गास्पेच्या उच्चारापुढे ते पार गडबडलं. तरी 'टायर' आणि 'टेलिफोन' एवढं पोचलं. घरात तारेचा फोन होता. मी आमच्या गाडीच्या मदत-सेवेला लावला. समोरचा मुलगा अगदी सौजन्याने इंग्रजीत विचारतोय, "जवळचा चौक कुठला?" अरे बाबा, इथे चौक नाही, इकडे डोंगर आणि तिकडे पाणी! गावाचं स्पेलिंग सांगा म्हणाला. सांगितलं. त्याच्या यादीत ते सापडेना. पुन्हा होल्ड, पुन्हा संगीत. इतका वेळ शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी शेवटी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, पलीकडे फ्रेंच बोलणारं कोणीतरी मागून घेतलं आणि दोन मिनिटांत विषय संपवला. मग दुसरा फोन लावून गावातल्याच गॅरेजवाल्याला जेवणावरून उठवलं. मदत-सेवेचा ट्रक यायच्या आत तो हजर.

यावरून तिकडची माणसं फार प्रेमळ असतात वगैरे मी म्हणणार नाही. काही असतात, काही नसतात. एका पेट्रोल पंपावरच्या बाईने, मी समोर उभी असूनही, माझ्याकडे न बघता सगळं बोलणं लेकीशीच केलं. रात्री अकराला मोटेलवर पोचलो तर रिसेप्शनला कुलूप आणि दारावर फ्रेंच चिठ्ठी. किल्ली मागच्या डब्यात ठेवली होती, एवढंच त्यात होतं, पण त्या वेळी ते वाचताना माझे हात थरथरत होते. पैसे आधीच भरलेले, आसपास शंभर किलोमीटरमध्ये दुसरी खोली मिळायची खात्री नाही. कारण जुलैच्या शेवटच्या दोन आठवड्यांत तिथे बांधकाम क्षेत्राला सुट्टी असते आणि निम्मं क्युबेक समुद्राकडे धावतं. ही गोष्ट ग्रुपवरच्या एकाही शहाण्याने सांगितली नव्हती.

खाण्याचे हाल झाले ते सासूबाईंचे. पुतीन हा बटाटा-चीजचा पदार्थ शाकाहारी समजून आपले लोक बिनधास्त मागवतात. त्यावरची तपकिरी ग्रेव्ही सहसा मांसाच्या अर्काची असते. "मांस नको" म्हटल्यावर एका टपरीवाल्याने फार आपुलकीने लॉबस्टरचा पाव सुचवला. सासूबाई म्हणाल्या, "त्याची काय चूक, आपल्याकडे कोकणात तरी काय वेगळं म्हणतात?" दशम्या, मेतकूट आणि मोटेलच्या स्वयंपाकघरातला भात यावर त्यांनी निभावलं. आम्ही मात्र कॉड मासा आणि तो लॉबस्टरचा पाव सोडला नाही.

पेर्सेचा खडक, बोनाव्हेंचर बेटावरचे लाखावर गॅनेट पक्षी, यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. खडक जवळजवळ ४३३ मीटर लांब आणि ८८ मीटर उंच आहे आणि फोटोत त्याचा आवाका येत नाही, एवढं सांगून पुढे जाते. कारण मला सांगायचंय ते परतीच्या वाटेवरच्या न्यू कार्लाइलबद्दल.

हे छोटं गाव मुळात इंग्रजी बोलणाऱ्यांचं. रने लेव्हेक इथे वाढले. लहानपणापासून दोन्ही भाषा बोलणारा हा माणूस १९७६ साली क्युबेकचा प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री, झाला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या सरकारने फ्रेंच भाषेची सनद, म्हणजे तो प्रसिद्ध कायदा १०१ केला. भाषेसाठी कायदा करावा लागतो हेच मुळात त्याला कमीपणाचं वाटायचं, तरी केला. दुकानांच्या पाट्या फक्त फ्रेंचमध्ये हव्यात ही अट १९८८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. मग १९९३ मध्ये मधला मार्ग निघाला. दुसरी भाषा चालेल, पण फ्रेंच ठळकपणे वरचढ हवी. आता १ जून २०२५ पासून दुकानाबाहेरच्या पाटीवर फ्रेंचला बाकी भाषांच्या दुप्पट जागा द्यावी लागते.

हे वाचून आपल्या लोकांनी नाकं मुरडावीत? आपण? २०२२ मध्ये महाराष्ट्रात मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान असू नयेत असा कायदा झाला, तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचे इमोजी पडले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हाही. मुंबईतल्या दुकानदाराने मराठी बोलावं म्हणून पोस्टी टाकणारा माणूस क्युबेकमधल्या रिमुस्कीच्या दुकानदाराला "ही काय दादागिरी" म्हणतो, तेव्हा मला त्याची गंमत वाटते. क्युबेकची लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास. तीही अख्खी फ्रेंच बोलणारी नाही. मराठी मातृभाषा असलेले २०११ च्या जनगणनेत ८ कोटींच्या वर होते. इंग्रजीच्या महासागरात तिथले फ्रेंच बोलणारे लोक टायर बदलण्यापासून हृदयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळं आपल्या भाषेत करतात. त्या गॅरेजवाल्याने बिलावर प्रत्येक भागाचं नाव फ्रेंचमध्ये लिहिलं होतं. आपल्या मेकॅनिककडे गाडीच्या किती भागांना मराठी नावं आहेत? पाटीवरून भांडणाऱ्यांनी याचाही विचार करायला हवा.

पण सगळंच मला पटतं असं नाही. माझी एक मैत्रीण माँट्रियलजवळच्या लावालला राहते. तिची मुलं फ्रेंच शाळेत जातात, नव्याने आलेल्यांना बहुतेक वेळा पर्याय नसतोच. पोरं घरात मराठी, मैदानावर फ्रेंच आणि मोबाइलवर इंग्रजी बोलतात आणि मस्त आहेत. प्रश्न मोठ्यांचा. २०२२ च्या कायदा ९६ प्रमाणे बाहेरून आलेल्या माणसाशी सहा महिन्यांनंतर सरकार फ्रेंचमध्येच व्यवहार करतं. आरोग्य, सुरक्षा असे काही अपवाद आहेत. सहा महिन्यांत पस्तिशीतल्या माणसाने, दिवसा नोकरी करून, सरकारी पत्र कळण्याइतकी भाषा शिकायची? मैत्रिणीला अजूनही पत्र आलं की मुलाला हाक मारावी लागते, आणि तो आठवीत आहे.

दुकानाची पाटी, शाळा, विधानसभा, न्यायालय सगळं मराठीत व्हावं, यावर मी ठाम आहे. पण सहा महिन्यांपूर्वी दरभंग्याहून नाशिकच्या कारखान्यात आलेल्या बाईला कामगार कार्यालयाचं पत्र फक्त मराठीत द्यायचं कोणी ठरवलं, तर मी तिच्या बाजूने भांडेन. मराठीतच भांडेन.